साठ्याचा आकडा आणि गाळाचा हिशेब

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एक कोष्टक नियमाने येऊ लागते. धरणाचे नाव, पूर्ण क्षमता, आजचा साठा आणि त्याची टक्केवारी एवढाच मजकूर त्यात असतो. पण सोलापूर-पंढरपूरच्या बाजूस उजनी ‘मायनस’मधून ‘प्लस’मध्ये केव्हा आली, याची वार्ता त्या कोष्टकातूनच कळत असल्यामुळे गावोगाव ते मोठ्या उत्कंठेने वाचले जाते. आजच्या साठ्याचा आकडा रोज बदलतो हे सर्वांस ठाऊक असते; परंतु ज्या आकड्याने भागून ही टक्केवारी काढतात, तो पूर्ण क्षमतेचा आकडा मात्र धरणाच्या भिंतीइतकाच अचल आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तोही बदलतो. तो रोज बदलत नाही, पुरागणिक बदलतो. आणि तोही एकाच दिशेने, म्हणजे कमी कमी होत जातो. नदी धरणात केवळ पाणी आणीत नाही, ती आपल्या पाणलोटातील माती आणते. पाणी कालव्यांतून, विमोचकांतून अथवा बाष्परूपाने निघून जाते, आणि माती बहुतांशी तेथेच राहते.

या व्यवहाराचे जे उदाहरण मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावे असे आहे, ते आज तेलंगणात मोडणाऱ्या निजामसागराचे होय. हैदराबाद संस्थानचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत, १९२३ साली या धरणाचे बांधकाम सुरू झाले आणि १९३१ साली ते पुरे झाले. नबाब अली नवाज जंग हे संस्थानचे मुख्य अभियंते या योजनेचे सूत्रधार होते. मांजरा नदीवर बांधलेल्या या जलाशयात आरंभी सुमारे २९.७ अब्ज घनफूट, म्हणजे हल्लीच्या परिभाषेत २९.७ टीएमसी पाणी मावत असे. निजामाबाद जिल्ह्यातील भातशेती आणि ऊस या पाण्यावर उभा राहिला, आणि बोधनचा प्रसिद्ध साखर कारखानाही याच पाण्याच्या भरवशावर निघाला. संस्थानी अमदानीतील उत्कृष्ट कामांत या धरणाची गणना होते, आणि ती यथार्थ आहे. त्याच्या बांधणीत खोट काढण्यास जागा नाही. खोट होती ती एका गृहीतात.

मांजरा ही बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतून वाहत, तेरणा, घरणी, तावरजा यांसारख्या उपनद्यांचे पाणी पोटात घेत बिदरकडे उतरते. हा सारा मुलूख काळ्या मातीचा, विरळ झाडीचा आणि लहरी पर्जन्याचा आहे. धरणाचा आराखडा करताना या मुलखातून दरसाल किती माती येईल याचा जो अंदाज बांधण्यात आला, त्याच्या कित्येक पट माती प्रत्यक्षात आली, असे पुढील मोजण्यांनी दाखवून दिले. परिणामी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत, म्हणजे विसाव्या शतकाच्या सत्तरीत, निजामसागराची क्षमता १२ टीएमसीच्या आसपास येऊन ठेपली. ज्या धरणाने पिढ्यानुपिढ्या चालावे अशी अपेक्षा होती, त्याचा निम्म्याहून अधिक भाग ते बांधणाऱ्या कित्येक मजुरांच्या हयातीतच मातीने भरून गेला. तेव्हा दरवाज्यांची उंची वाढवून पूर्ण संचय पातळी वर नेण्यात आली आणि क्षमता कशीबशी १७.८ टीएमसीपर्यंत आणण्यात आली. मूळ आकडा पुन्हा काही गाठता आला नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बालाघाटातील शेतकरी आणि निजामाबादेतील शेतकरी त्या वेळी एकाच संस्थानचे रयत होते. माती जेथून निघे आणि जेथे पडे ती दोन्ही ठिकाणे एकाच सरकारच्या दप्तरात होती. तरीही शेतसाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या त्या दप्तरात मातीचा हिशेब नव्हता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मांजरेचे खोरे तीन राज्यांत विभागले गेले, आणि मग तर वरच्याने धूप थांबवावी व खालच्याने त्याचा लाभ घ्यावा, अशी अपेक्षा करण्यासही कोणी उरले नाही.

माती सुटते कशी आणि साचते कोठे, याची रीत समजून घेतल्यावाचून या चुकीचे मर्म कळणार नाही. सामान्यतः असे वाटते की जेथे पाऊस अधिक तेथे गाळ अधिक. पण तसे घडत नाही. अमेरिकेतील लँगबाइन आणि शुम या शास्त्रज्ञांनी १९५८ साली अनेक नद्यांच्या नोंदी ताडून असे दाखविले की अतिशय कोरड्या प्रदेशात माती वाहून नेण्यास पाणीच नसते आणि अतिशय पर्जन्याच्या प्रदेशात गवत व झाडी माती धरून ठेवते. सर्वांत अधिक गाळ येतो तो या दोहोंमधल्या, निमकोरड्या प्रदेशातून. उष्ण हवामानात ही मर्यादा थोडी अधिक पर्जन्याकडे सरकते. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस कोसळूनही तेथील झाडीतून येणारे ओढे मराठवाड्यातील नाल्यांइतके गढूळ का नसतात, याचे उत्तर यात आहे. उन्हाळाभर तापून भेगाळलेली, नांगरून उघडी टाकलेली, पिकाचे वा गवताचे आच्छादन नसलेली जमीन जेव्हा जूनच्या पहिल्या दणकेबाज सरींखाली सापडते, तेव्हा वर्षभरातील गाळाचा फार मोठा हिस्सा त्या मोजक्या दिवसांतच नदीला मिळतो. पुढे पिके वर येतात, बांधांवर गवत माजते, आणि भाद्रपदातील पूर तितकाच मोठा असला तरी ज्येष्ठ-आषाढातल्या पुराइतका गढूळ नसतो.

हे गढूळ पाणी जलाशयाच्या फुगवट्यात शिरताच त्याचा वेग मंदावतो, आणि वेगाच्या जोरावर तरंगत आलेले कण आपापल्या आकारमानाप्रमाणे खाली बसू लागतात. जाड वाळू काही सेकंदांत तळ गाठते. मध्यम गाळ थोडा पुढे जातो. आणि एक सहस्रांश मिलिमीटर व्यासाचा चिकणमातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली उतरावयास जवळजवळ तेरा दिवस घेतो. म्हणून वाळू जलाशयाच्या शेपटाकडे, जेथे नदी त्यात प्रवेश करते तेथेच, त्रिभुज प्रदेशासारखा उंचवटा करून राहते. हा उंचवटा दरसाल भिंतीच्या दिशेने पुढे सरकतो आणि वरच्या अंगाला नदीचे पात्र उचलून पुराची पातळी वाढवितो. बारीक चिकणमाती मात्र कधी कधी तळाशी जड प्रवाहाच्या रूपाने थेट भिंतीपर्यंत पोचते. मोठ्या जलाशयात पाणी महिनोन्‌महिने साठून राहत असल्याने हे सूक्ष्म कण बसण्यासही पुरेसा अवकाश मिळतो. नदीच्या वार्षिक प्रवाहाच्या मानाने साठा जितका मोठा, तितका अडकणारा गाळ अधिक, हा नियम ब्रून याने १९५३ साली आलेखरूपाने मांडला. नदीचा बहुतेक सारा प्रवाह सामावून घेणारे धरण बहुतेक सारा गाळही सामावून घेते, असा त्याचा अर्थ. आणि आपली मोठी सिंचन धरणे नेमकी याच जातीची आहेत.

आता जुन्या आराखड्यांतील गृहीताकडे येऊ. प्रत्येक धरणात सर्वांत खालच्या विमोचकाच्या पातळीखाली काही साठा राखून ठेवलेला असतो. तो कालव्यात जात नाही, त्यास मृतसाठा म्हणतात. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी क्षमतेपैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे, आणि ‘मायनस’ म्हणजे पाणी त्या रेषेखाली गेले इतकेच. हा साठा राखण्याच्या कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण असे सांगितले जाई की शंभर वर्षांचा गाळ त्यात बसेल आणि वरचा उपयुक्त साठा अबाधित राहील. ही योजना कागदावर मोठी सुबक दिसते. तथापि गाळाने शासनाची मंजुरी घेऊन ठरलेल्या जागी बसावे, अशी तिची पूर्वअट आहे! वाळू आणि जाड गाळ जलाशयाच्या वरच्या टोकाला बसतो, आणि ते टोक मृतसाठ्यात नसून उपयुक्त साठ्यात असते. भारतातील जलाशयांच्या मोजण्या जसजशा हाती आल्या तसतसे दिसून आले की मृतसाठा भरण्याची वाट न पाहता उपयुक्त साठाही आरंभापासूनच घटू लागतो. इजिप्तमधील आस्वानच्या उंच धरणात गाळासाठी सुमारे ३० अब्ज घनमीटर एवढी प्रचंड जागा तळाशी राखलेली असताना, नाईलचा गाळ मुख्यतः भिंतीपासून शेकडो किलोमीटर वर, सुदानच्या सीमेच्या आसपास साचत गेला, हेही याच नियमाचे उदाहरण होय.

अंदाज चुकण्याचे दुसरे कारण म्हणजे हाताशी नोंदीच नव्हत्या. डॉ. अयोध्यानाथ खोसला यांनी १९५३ साली देशातील व परदेशांतील उपलब्ध जलाशयांचा अभ्यास करून मोठ्या पाणलोटासाठी दर शंभर चौरस मैलांस वर्षाला ७५ एकर-फूट गाळ धरावा असे सुचविले, आणि पुढे कित्येक वर्षे हाच आकडा कोष्टकातून उचलून आराखड्यात घालण्याचा प्रघात पडला. खोसलांचा प्रयत्न त्या काळाच्या मानाने स्तुत्य होता. पण हिमालयातील ठिसूळ खडक, छोटा नागपूरचे उघडे माळ आणि दख्खनची काळी माती यांना एकच दर लावणे म्हणजे सर्व प्रांतांस एकच धारा बसविण्यासारखे होते. दामोदर खोऱ्यातील मैथॉन व पंचेत आणि मयूराक्षीवरील धरण यांच्या बाबतीत प्रत्यक्ष गाळ अंदाजाच्या कित्येक पट निघाला.

मोजणीची पद्धत आता पुष्कळ सुधारली आहे. पूर्वी होडीतून ठरावीक रेषांवर वजनाची दोरी सोडून तळ गाठीत. नंतर ध्वनितरंगांचा प्रतिध्वनी मोजणारी यंत्रे आली. आणि आता नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था किंवा पुण्याजवळ खडकवासल्यास असलेले, १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र यांसारख्या संस्था उपग्रहांची छायाचित्रेही वापरतात. त्यातील युक्ती सोपी आहे. जलाशयाची पातळी रोज नोंदली जातेच. त्या त्या दिवशी पाण्याचा विस्तार किती होता हे छायाचित्रातून मोजावयाचे, आणि मूळ नकाशात त्याच पातळीला असलेल्या विस्ताराशी ताडून पाहावयाचे. विस्तार आक्रसला असेल तर मधली जागा गाळाने घेतली. या पद्धतीची मर्यादा मात्र विसरता कामा नये: त्या वर्षी पाणी ज्या पातळीखाली उतरलेच नाही, तेथील तळ उपग्रहास दिसत नाही, म्हणून मृतसाठ्यातील गाळ तिला कळत नाही, तो पाहावयाचा तर पुन्हा होडीच काढावी लागते.

रोग इतका जुना असताना उपाय जुने नसतील असे नाही. स्पेनमधील अलिकान्ते येथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या धरणाच्या तळाशी गाळ सोडण्यासाठी एक भुयार ठेवलेले होते. काही वर्षांनी एकदा माणसे त्या भुयारात शिरून त्याच्या तोंडाशी लावलेल्या लाकडी तुळया तोडीत. तुळया निघाल्या तरी मागची घट्ट झालेली मातीची भिंत लगेच ढळत नसे. म्हणून मग भिंतीच्या माथ्यावरून लांब लोखंडी पहारीने त्या मातीस भोक पाडीत, आणि एकदा पाण्यास वाट मिळाली की सारा गाळ गर्जना करीत बाहेर पडे. १९०२ साली आस्वान येथे इंग्रजांनी बांधलेल्या जुन्या धरणात याच विचाराचे अधिक प्रगल्भ रूप दिसते. त्या धरणास १८० दरवाजे होते. नाईलचा गढूळ पूर त्यांतून तसाच जाऊ देत, आणि पूर ओसरून पाणी निवळू लागले म्हणजे दरवाजे लावून साठा करीत. त्यामुळे गाळ धरणात न राहता इजिप्तच्या शेतांवर पोचे.

या विचाराकडे पाठ फिरविल्यास काय होते हे चीनमध्ये दिसले. पीत नदी जगातील सर्वांत गढूळ मोठी नदी. तिच्यातून दरसाल सरासरी १ अब्ज ६० कोटी टन माती वाहत असे. तिच्यावर सान्मेन्श्या येथे सोव्हिएत तज्ज्ञांच्या आराखड्यानुसार धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा १९५७ सालच्या चर्चेत ह्वांग वानली या प्राध्यापकाने त्यास उघड विरोध केला आणि निदान तळाची भोके तरी बुजवू नका, असे विनवून सांगितले. त्याच वर्षी राजकीय शुद्धीकरणाच्या मोहिमेत त्यांच्यावर उजवेपणाचा शिक्का बसला, आणि भोके काँक्रीटने बुजविली गेली. १९६० च्या सप्टेंबरात पाणी अडविले; येणाऱ्या गाळापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आत अडकला, आणि दीड वर्षात वेई नदीच्या संगमापाशी पात्राचा तळ सुमारे साडेचार मीटर उचलला गेला. वेईचे पाणी तुंबून शिआन या प्राचीन नगराच्या मैदानास धोका निर्माण झाला. मग १९६२ पासून साठा करणे सोडून द्यावे लागले, डोंगरातून दोन बोगदे खोदले, आणि जी भोके बुजविली होती तीच पुन्हा फोडून काढली. आता तेथे गढूळ पूर सोडून द्यावयाचा आणि निवळ पाणी अडवावयाचे, अशी रीत चालते. वीज व सिंचन योजनेहून पुष्कळ कमी, पण धरण जिवंत आहे.

आपल्याकडे हीच रीत का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. बहुतेक धरणांना तेवढ्या आकाराची तळविमोचके नाहीत, हे एक. पण खरी अडचण तांत्रिक नसून मानसिक आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. नाईलला पूर येणार हे इजिप्तमध्ये बहुधा निश्चित असे. दख्खनमध्ये जुलैचा पूर सोडून दिल्यावर ऑगस्ट कोरडा गेला तर त्या अभियंत्याचा खुलासा कोण ऐकून घेणार? मृग-आर्द्रेचा गढूळ पूर जपून ठेवावा आणि पुढचे सोडावे, असेच आपल्या संचयाचे वेळापत्रक होऊन बसते. म्हणजे सर्वाधिक मातीचे पाणी आपण सर्वाधिक जतन करतो.

मग गाळ उपसावा, असे लोक म्हणतात. १ टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एका टिपरात १० घनमीटर माती जाते असे धरल्यास २८ लाखांहून अधिक खेपा होतात. दिवसाला हजार खेपा केल्या तरी पावणेआठ वर्षे लागतात, आणि त्या अवधीत नदी स्वस्थ बसत नाही. शिवाय ही माती टाकावयाची कोठे? म्हणून मोठ्या जलाशयांच्या बाबतीत उपसा हा उपाय गणिताने फेटाळला जातो. लहान तलावांचे तसे नाही. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत यंत्र व इंधनाचा भार शासनाने आणि लोकसहभागाने उचलावा व गाळ शेतकऱ्याने आपल्या खर्चाने वाहून न्यावा अशी वाटणी ठरली. वाळू उपसण्यास तीत मनाई आहे. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या पाझर तलावातून मुरमाड शेतावर गेलेली माती ही खरोखर परत आलेली मालमत्ता असते, आणि एप्रिल-मेमध्ये तलावाकाठी ट्रॅक्टरांची जी रांग लागते ती उगाच नव्हे. मोठ्या धरणांच्या बुडीत क्षेत्रात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनींचा न्याय निराळा. त्या एकसाली पट्ट्याने दिल्या जातात, आणि त्यांवर कलिंगडे, चारा व भाजीपाला उत्तम येतो. मात्र तो गाळ जेथल्या तेथेच राहत असल्यामुळे साठ्यास त्याचा काही लाभ नाही.

उरतो तो उगमाचा उपाय. ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात दरसाल सुमारे ५३३ कोटी टन माती जागेवरून हलते. तिच्यापैकी २९ टक्के समुद्रास मिळते, १० टक्के जलाशयांत बसते, आणि उरलेली वाटेतच कोठेतरी थांबते. जलाशयात पोचणारा हा दशांश कमी करावयाचा तर कामास शेतापासून आरंभ करावा लागतो. मुंबई इलाख्यात १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यान्वये सोलापूर-विजापूर भागात जी समपातळीवरील बांधबंदिस्ती झाली, ती शेतातील ओलावा टिकविण्यासाठी होती; तिने धरणेही वाचतात हा विचार तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत, नदीखोरे प्रकल्पांच्या पाणलोटातील मृदसंधारणाची केंद्रीय योजना निघाली तेव्हा दप्तरी दाखल झाला. निजामसागराच्या बाबतीत मात्र दुसरीच गोष्ट घडली. पुढे मांजरेवर केज तालुक्यात धनेगावचे धरण झाले, त्याखाली मेदकमध्ये सिंगूर झाले, आणि बालाघाटची माती आता आधी त्यांच्यात उतरते. खालच्या धरणाला लाभलेला हा विसावा वरच्या धरणांच्या खर्चाने मिळालेला आहे. आणि लातूर शहर ज्या धनेगावच्या पाण्यावर अवलंबून आहे, ते कोरडे पडल्यावर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे वाचकांस स्मरत असेल.

क्षमता घटल्यावर वाटपाचे काय होते, हे तुंगभद्रेवर पाहावे. होस्पेटजवळचे हे धरण १९५३ साली पाणी अडवू लागले तेव्हा त्याची क्षमता सुमारे १३३ टीएमसी होती. २००८ च्या मोजणीत ती सुमारे १०१ भरली, आणि २०१६ साली अधिक सूक्ष्म पद्धतीने मोजता १०५.७९ निघाली. मधल्या आठ वर्षांत गाळ परत गेला असे नव्हे. साधने बदलली की उत्तरही थोडे बदलते, आणि दोन्ही आकडे सारख्याच गांभीर्याने उद्धृत होत राहतात. पाणीतंट्याच्या लवादाने खोऱ्यातील राज्यांचे हिस्से ठरविले ते जुन्या क्षमतेच्या काळात. आता तुंगभद्रा मंडळ दर हंगामात येऊ घातलेल्या पाण्याचा अंदाज करून त्या हिश्शांच्या प्रमाणात प्रत्येकास कमी पाणी देते. गाळाने व्यापलेली जागा भरून काढण्यासाठी कोप्पळ जिल्ह्यात नवली येथे नवा समतोल जलाशय बांधावा असा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. त्यासाठी नवी जमीन संपादावी लागेल, आणि आंध्र प्रदेश व तेलंगण यांची संमती मिळाल्यावाचून तो पुढे सरकणार नाही.